चुनखडीचा तक्ता आणि मुरमाची टेकडी: माळाची तब्येत कशी पाहायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. सीवूड्सच्या एका ताईंच्या कंपनीतले तीसेक जण खारघरच्या टेकडीवरच्या माळाची तपासणी करणार आहेत. लंडनच्या ऑफिसने त्यांना तिथला तयार तक्ता पाठवलाय, चुनखडीच्या मातीवरच्या मूळच्या गवताळ टेकड्यांसाठी केलेला. मे महिन्यात दोन तास वर जाऊन तो भरायचा आणि टेकडी 'निकृष्ट' निघाली तर पावसाळ्यात तिथे झाडं लावायची, असा बेत आहे. हा तक्ता इथे चालेल का, आणि मातीचा सामू (पीएच) मोजायला कुठलं यंत्र घ्यावं, असं त्यांनी विचारलंय.

ताई, आधी सरळ उत्तर देतो. तक्त्यातले प्रश्न बरेचसे चालतील, त्यांच्यापुढचे आकडे चालणार नाहीत आणि मे महिना तर मुळीच चालणार नाही. मेमध्ये खारघरच काय, येऊर बघा, पारसिक बघा, कुठलाही माळ मेलेलाच दिसतो. ही चूक मी स्वतः केलेली आहे म्हणून जरा तावातावाने लिहितोय. पंधराएक वर्षांपूर्वी अशाच एका टेकडीचा अहवाल मी मेच्या दुसऱ्या आठवड्यात लिहून दिला. जळके बुडखे, उघडा मुरूम, ऊन मी म्हणतंय. लिहिलं 'निकृष्ट' आणि मोकळा झालो. जुलैत सहज म्हणून पुन्हा चढलो तर माझ्याच कागदाच्या जोरावर ओळीने खड्डे खणून त्यांत रोपं उभी होती. खड्ड्यांच्या मधल्या पट्ट्यांत आषाढ आमरी फुललेली. जमिनीला चिकटलेलं एकच पान, त्यातून वर आलेला वीतभरही नसलेला दांडा आणि पांढरी फुलं. दोन खड्ड्यांच्या मध्ये मी अकरा मोजली. खड्ड्यांच्या जागी किती होती ते आता कोण सांगणार?

तर आधी तुमच्या तक्त्यामागचं डोकं समजून घ्या, कारण ते चांगलं आहे. दक्षिण इंग्लंडात चुनखडीच्या टेकड्या आहेत. खडक पांढरा, मऊ, शाळेतल्या खडूसारखा दिसणारा, आणि त्यावर मातीचा पातळ थर. पाणी झरझर खाली उतरतं, स्फुरद (फॉस्फरस) आणि नत्र (नायट्रोजन) जेमतेम. अशा दरिद्री मातीत कुठलंही एक गवत माजू शकत नाही, म्हणून सगळ्यांना थोडी थोडी जागा मिळते. चांगल्या ठिकाणी एका चौरस मीटरमध्ये ४० पर्यंत जाती सापडतात. माती गरीब म्हणून गवत श्रीमंत, हे आपल्याला उलटं वाटतं, पण तसंच आहे. इंग्लंडातल्याच रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात १८५६ पासून एका कुरणाचे तुकडे पाडून प्रत्येकाला वेगळं खत देत आले आहेत, प्रयोग अजून चालू आहे. खत न दिलेल्या तुकड्यांत जातींची गर्दी टिकली. जिथे अमोनियमच्या रूपात नत्राचा मारा झाला आणि वर चुनाही टाकला नाही, तिथे दोन-तीन जाती उरल्या. ते कुरण चुनखडीच्या टेकडीवरचं नाही, पण गोष्ट तीच आहे. वरखताने गवत हिरवंगार होतं आणि आतून रिकामं होतं.

म्हणून तिकडचा तक्ता विचारतो: गवताच्या तुलनेत रुंद पानांची फुलझाडं किती (४० ते ९० टक्के असावीत), गवताची उंची किती (साधारण २ ते १५ सेंटिमीटर), उघडी माती किती (१० टक्क्यांच्या आत), झुडपं किती (५ टक्क्यांच्या आत) आणि नेटल, थिसल असली खताळ जागेत माजणारी झाडं कितपत. वर्षानुवर्षं मेंढ्या आणि ससे चरून चरून ते गवत गालिच्यासारखं झालेलं असतं, त्या गालिच्याचे हे आकडे.

आता हेच आकडे घेऊन ऑक्टोबरात खारघरला चढा. गवत कमरेला लागतंय, म्हणजे उंचीत नापास. जिकडेतिकडे काळा कातळ उघडा, म्हणजे उघड्या जमिनीत नापास. गवत जास्त, फुलझाडं कमी, तिथेही नापास. आणि टेकडी मात्र ठणठणीत असेल! तिकडच्या त्या टेकड्यांवर वर्षभरात मिळून साधारण ८०० मिलिमीटर पाऊस, तोही बारा महिने विभागून. आपल्याकडे अडीच हजारांच्या आसपास, चार महिन्यांत, आणि पुढचे आठ महिने कोरडे. अशा हवेतलं गवत चार महिन्यांत कमरेएवढं होणार आणि दिवाळीनंतर वाळून सोनेरी होणार, तो त्याचा धर्मच आहे.

सामूच्या यंत्राचे पैसे वाचवा. आपल्याकडे चुनखडी नाही, बेसॉल्ट म्हणजे काळा कातळ आणि त्याचा मुरूम. देशावरच्या काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे सापडतात, आपल्याकडचा पाऊस चुना धुऊन नेतो. खात्रीच करायची असेल तर मुरमावर लिंबू पिळा. चुना असेल तर फसफसेल. मी पिळलेल्या लिंबांचं आजवर सरबत झालं असतं तर बरं झालं असतं.

खरा पहिला प्रश्न तुमच्या तक्त्यात नाही, कारण तिथे तो आधीच सुटलेला आहे: हे गवत मूळचं आहे का? ठाणे-नवी मुंबईतल्या टेकड्यांवरचं सगळं गवत मूळचं नाही, हे आमच्यातले काही गवतप्रेमी कबूल करत नाहीत, पण ते खरं आहे. इतक्या पावसात जिथे माती खोल आहे तिथे पानझडीचं जंगलच येतं. ते तोडलं, वर दरवर्षी वणवा लागला, म्हणून गवत आलं, असे पुष्कळ उतार आहेत. अशा उतारावर वाकून बघा. गवतात साग, ऐन, पळस यांचे जुने बुंधे आणि त्यांना फुटलेले धुमारे दिसतील. दरवर्षी जळून पुन्हा फुटणारे, गुडघ्याएवढेच राहिलेले. तिथे नवी झाडं लावायचीच नाहीत, वणवा थांबवला की जुनी आपणच उठतात. याउलट माथ्यावरचा सपाट कातळ आणि त्याच्या कडेचा टीचभर मुरूम, तिथे बुंधा कधी नव्हताच. तिथलं गवत जुनं. त्याची ओळख जमिनीखाली असते: आमरी, फोडशी, रानहळद, कंदीलपुष्प, म्हणजे आठ महिने कंदाच्या रूपात झोपणारी मंडळी. नांगर किंवा जेसीबी एकदा फिरला की ही सहजी परतत नाहीत. पाच वर्षांत गवत परत येतं, कंद येत नाहीत. त्यामुळे एकाच टेकडीवर दोन वेगळे तक्ते भरावे लागतात, माथ्याचा एक आणि उताराचा एक. दोघांची सरासरी काढलीत तर दोघांबद्दलही खोटं बोलाल.

किती वेळा जायचं? चार. पहिला चांगला पाऊस पडून दहा-बारा दिवस झाले की एकदा, कंदवाल्यांसाठी. श्रावणात एकदा, छोट्या फुलांसाठी. ऑक्टोबरच्या शेवटी एकदा, कारण गवत तुऱ्यावर आल्याशिवाय ओळखता येत नाही. आणि एप्रिल-मेमध्ये एकदा, कुठे जळलंय, कुठे गुरं बसतात ते पाहायला. म्हणजे तुमची मे महिन्याची फेरी वाया नाही, फक्त ती चौथी आहे, पहिली नाही. पावसाळ्यात पांडवकडा धबधबा आणि आजूबाजूला बहुतेक वर्षी बंदीचा आदेश असतो, तेव्हा वनखात्याची आणि पोलिसांची लेखी परवानगी जूनच्या आधीच हातात घ्या.

यातली ऑक्टोबरची फेरी सगळ्यात महत्त्वाची, ती जरा सावकाश सांगतो.

साधन काय, तर बूट. माथ्यावर एक दिशा धरा, लांबचा एखादा टॉवर किंवा झाड नजरेत ठेवा, आणि चाला. दर दोन पावलांनी थांबायचं आणि उजव्या बुटाच्या टोकाला नेमकं जे आहे तेवढंच सांगायचं. जोडीदार वहीत लिहितो. 'कातळ.' 'पवन्या.' 'पवन्या.' 'माती.' 'कुसळ.' 'वाळलेला पाला.' 'ओळखलं नाही, नमुना क्रमांक चार.' (पवन्या आणि कुसळ ही गवतं, त्यांची ओळख पुढे आहे.) शंभर थांबे झाले की शेकडेवारी आपोआप हातात येते, गणित करावं लागत नाही. पहिल्या वीस थांब्यांत हमखास एक लबाडी होते: टोकाला माती असते पण शेजारी छान फूल असतं, म्हणून माणूस फुलाचं नाव सांगतो. त्याला तिथेच अडवा. बुटाच्या टोकाला जे आहे ते.

कातळ आणि माती हे दोन शब्द वहीत कधीही एकत्र करू नका. तुमच्या तक्त्यात दोन्ही 'उघडी जमीन' म्हणून एका रकान्यात जातील आणि तिथेच घोटाळा होईल. उघडा कातळ हे दुखणं नाही. त्याच्या खळग्यांत श्रावणात पाणी साचतं, तिथेच गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू ही चिमुकली झाडं राहतात. शेवटच्या दोघी किडे खातात, कारण त्या खळग्यात नत्र मिळायला दुसरा मार्ग नाही. उघडी माती मात्र दुखणं आहे: पावसाच्या थेंबांनी टणक झालेली, बारीक ओघळी पडलेली, गवताच्या मुळ्या उघड्या पडून ठोंब चौथऱ्यावर ठेवल्यासारखा उभा. तो चौथरा किती उंच आहे ते पट्टीने मोजा. तेवढी माती साधारण तिथून गेलेली असते.

गवतांची सगळी नावं यायला हवीत असं नाही. पहिली पायरी म्हणजे बहुवर्षायू की एका पावसाचं, एवढं ओळखा. बुडाशी धरून हलकेच ओढा. मुळासकट हातात आलं, बुडाशी जुनं काही नाही, तर ते यंदाचं. आलं नाही, बुडाशी गेल्या दोन-तीन वर्षांच्या वाळक्या पानांचे बुडखे दाटलेले आहेत, तर तो ठोंब जुना आहे. (ओढताना पान बोटांतून सरकू देऊ नका, धार असते.) माथ्यावर ठोंबवाली गवतं जास्त असणं हे तब्येतीचं मुख्य लक्षण. दुसरी पायरी, तीन गवतं ओळखा. पवन्याचा तुरा एकेरी असतो, त्याला लांब मिशा. मारवेल ओलसर सपाटीला असतं, त्याच्या पेराभोवती पांढऱ्या केसांचं कडं दिसतं. आणि कुसळ तर तुम्ही ओळखायच्या आधी तेच तुमच्या मोज्यांत शिरून ओळख करून देतं. त्याच्या काळसर मिशा वरच्या टोकाला एकमेकींत पिळून दोरी झालेली असते.

कुसळाचं एक बी तळहातावर घ्या आणि त्यावर पाण्याचा थेंब टाका. मिशी उलगडायला लागते आणि बी घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं. वाळलं की उलटं फिरतं. दवाने भिजत आणि उन्हाने वाळत असं ते स्वतःला जमिनीत पिळून घालतं. त्यामुळे वणवा वरून जातो तेव्हा कुसळाचं बी खाली सुखरूप असतं. गुरंही कुसळ तुऱ्यावर आलं की टाळतात, तोंडात टोचतं. म्हणून जास्त चराई आणि वरचेवर वणवा असला की पवन्या-मारवेल मागे हटतात, कुसळ वाढतं. त्याच्याही पुढे गेलं की एका पावसाची बारीक गवतं आणि मग टाकळा. १९७३ साली देशातल्या गवताळ प्रदेशांची जी विभागणी झाली तिच्यात आपल्या द्वीपकल्पाच्या पट्ट्याला पवन्या आणि मारवेल यांच्याच वंशांची शास्त्रीय नावं जोडलेली आहेत. कुसळाचं नाव तिथे नाही. तुमच्या शंभर थांब्यांत कुसळ दहा-पंधरा वेळा आलं तर घाबरू नका, ते तिथलंच आहे. साठ वेळा आलं तर माळ आजारी आहे.

चौकट श्रावणात वापरा. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचे मीटर-मीटरचे चार तुकडे आणि चार एल्बो, नळसामानाच्या दुकानात मिळतात. चौकट कुठेही भिरकावायची नाही, माणूस नकळत चांगल्या जागी फेकतो. ठरावीक पावलांनी जिथे येईल तिथे ठेवायची. आत किती प्रकार आहेत ते मोजायचे, नाव आलं नाही तर 'जांभळं, तीन पाकळ्या' असं लिहून फोटो काढायचा. चुनखडीवरचा चाळिसांचा आकडा मनातून काढा. माझ्या अनुभवात आपल्याकडच्या चांगल्या माथ्यावर पंधरा-सोळा प्रकार श्रावणात सहज निघतात. सगळ्या चौकटी पाच-सहावर अडकल्या तर कारण शोधा. कारण बहुधा जवळच असतं: गुरांची बसायची जागा, सहलीवाल्यांनी टाकलेलं जेवण, किंवा जुन्या वृक्षारोपणात ट्रकने आणलेली लाल माती आणि शेणखत. त्या मातीबरोबर गाजरगवत फुकट येतं.

तिकडच्या नेटलचं काम इकडे टाकळा करतो. ज्या जागी गुरं रोज बसतात आणि शेण साठतं, तिथे टाकळ्याचं हिरवं रान माजतं आणि गुरं त्याला तोंड लावत नाहीत. कोवळा असताना आपण त्याची भाजी खातो ती गोष्ट वेगळी. बाहेरून आलेल्यांत रानमोडी सगळ्यात वाईट. पान चुरगळलं की उग्र वास, पानावर त्रिशूळासारख्या तीन शिरा. घाणेरी दुसरी. तिसरा तो नारिंगी कॉसमॉस, ज्याच्यात उभं राहून सगळे फोटो काढतात. मागे एका स्वयंसेवकांच्या गटाने तक्त्यात 'फुलझाडं भरपूर' असं लिहिलं होतं. सगळा कॉसमॉस होता.

चराईबद्दल तुमच्या तक्त्यात मेंढ्यांचा रकाना बघून तुम्हाला वाटेल की इकडे गुरं दिसली म्हणजे नुकसानच. तसं नाही. इंग्लंडात लार्ज ब्लू नावाचं निळं फुलपाखरू होतं. गोळा करणाऱ्यांपासून वाचवायला त्याच्या काही जागांना कुंपण घातलं, त्याने चराई थांबली. १९५०च्या दशकात रोगाने ससेही गेले. गवत उंच झालं, जमिनीवर सावली आली, आणि ज्या मुंगीच्या वारुळात या फुलपाखराची अळी वाढते ती ऊबेला सोकावलेली मुंगी निघून गेली. १९७९ मध्ये ते फुलपाखरू तिथून नाहीसं झालं. नंतर स्वीडनहून आणून पुन्हा वसवलं. आपल्याकडे मेंढ्यांचं काम गुरं आणि विळा करत आले. ठाणे जिल्ह्याच्या वरकस, म्हणजे हलक्या डोंगरउताराच्या, जमिनींवरचं गवत दिवाळीनंतर कापून, भारे बांधून मुंबईच्या तबेल्यांत जायचं. वाड्याकडे वाळल्या गवताला पावली म्हणतात आणि तो धंदा अजून पाहायला मिळतो. बी पडून गेल्यावर कापलेलं गवत माळाला बाधत नाही, उलट वणव्याला खाद्य उरत नाही. कापणी बंद, गुरं कमी, आणि मग फेब्रुवारीत कुणाची तरी सिगारेट. सध्याचे बरेच वणवे असेच पेटतात.

म्हणून फणसवाडी-चाफेवाडीकडच्या कुणा जाणत्या मावशी-काकांना बरोबर घ्या, आणि त्यांना दिवसाची मजुरी द्या, नुसता चहा नको. शेवळं ही रानभाजी पूर्वी कुठे मिळायची आणि आता कुठे मिळतात, फोडशी खुडायला किती लांब जावं लागतं, गवत शेवटचं कधी कापलं, या तीन प्रश्नांची उत्तरं तुमच्या सगळ्या रकान्यांपेक्षा जास्त सांगतील.

पक्षी मोजायचे असतील तर एक पहाट पुरे: चंडोल, तीरचिमणी, लावा, वर घिरट्या घालणारी कापशी. ही उघड्या माळाची मंडळी दिसली तर लिहा. नुसते बुलबुल आणि कावळे दिसले तर तेही लिहा.

राहिला झाडांचा प्रश्न. सरकारी नकाशांत अशा जागा 'पडीक' या रंगात येतात आणि कंपन्यांना पडीक जागा फार आवडते. पण माथ्यावर खड्डा नको. गिरिपुष्प, सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ तर कुठेच नको. पहिल्या दोघी हवेतला नत्र मुळांवाटे मातीत आणतात, आणि तिसरीही तेच करते, वर तिचा लवकर न कुजणारा पाला पसरतो. रोथॅमस्टेडमध्ये पोत्याने जे केलं तेच इथे झाडाने होतं. पैसे मंजूर झालेच असतील तर तीन कामं आहेत. ऑगस्ट-सप्टेंबरात जमीन ओली असताना, फुलायच्या आधी, रानमोडी मुळासकट उपटणं. डिसेंबरात वनखात्याच्या सल्ल्याने जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारा गवत काढलेला पट्टा, काढणं. आणि झाडं लावायचीच तर नाल्यांच्या कडेला, जिथे माती खोल आहे आणि जुने बुंधे आहेत, तिथे, ऐन-करंज-उंबर असली. लंडनला फोटोत झाडच लागतं हे मला माहीत आहे. नाल्यातल्या उंबराचा फोटो पाठवा.

बाकी सूचना किरकोळ आहेत. माथ्यावर दगड हाताने उलटू नका, खाली फुरसं असू शकतं. ऑक्टोबरात सुती मोजे आणि बुटांना नाड्या नकोत, गमबूट घाला. आणि पहिल्या फेरीला तीस जण नेऊ नका. सहा न्या, तीन जोड्या, नाहीतर जे मोजायचं तेच तुडवलं जाईल. उरलेल्या चोवीस जणांना सप्टेंबरात रानमोडी उपटायला बोलवा, तिथे हात कमीच पडतात.